कॅमेरा लागला, पण चेहरा दिसतो का?

घराला कॅमेरे बसवताना गिऱ्हाईक सहसा तीन गोष्टी विचारतं: किती मेगापिक्सेलचा आहे, रेकॉर्डिंग किती दिवस राहील आणि मोबाइलवर दिसेल ना? तिन्हींची उत्तरं दुकानदाराला तोंडपाठ असतात. संध्याकाळपर्यंत चार कॅमेरे भिंतीवर चढतात, बसवणारा मुलगा मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकून देतो, अंगणातली तुळस पडद्यावर हलताना दिसते आणि पैसे चुकते होतात. माझ्या मते हे पैसे एक रात्र लवकर चुकते होतात. ज्या भिंतीवर, ज्या अंधारात आणि ज्या इंटरनेट जोडणीवर कॅमेरा चालणार, तिथेच त्याची खरी परीक्षा होते. ती कंपनीच्या कारखान्यात होत नाही आणि सरकारी प्रयोगशाळेतही होत नाही. ज्याचं घर, त्यानेच ती घ्यायला हवी, आणि तीसुद्धा बिलाचा शेवटचा हप्ता आपल्या हातात आहे तोवर.

मेगापिक्सेलपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. पाळतीच्या कॅमेऱ्यांसाठी आयईसी ६२६७६-४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. कोणीतरी आहे एवढं कळायला दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५ पिक्सेल पुरतात, ओळखीचा माणूस ओळखू यायला १२५ लागतात आणि अनोळखी माणसाची ओळख शंकेला जागा न ठेवता पटवायची तर २५० लागतात, असा त्याच्या २०१४ च्या आवृत्तीचा हिशेब आहे. आता बाजारातला नेहमीचा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. त्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. २५० ने भागलं तर जेमतेम पावणेआठ मीटर रुंदीच्या दृश्यापर्यंतच हा कॅमेरा चेहरा पटवू शकतो. घरांवर सर्रास बसवली जाणारी २.८ मिलिमीटरची लेन्स साधारण १०० अंशांचा परिसर कवेत घेते. एवढ्या कोनात दृश्य पावणेआठ मीटर रुंद होतं ते कॅमेऱ्यापासून सव्वातीन मीटरवरच. म्हणजे पोर्चच्या छताला लावलेल्या कॅमेऱ्याला दहा-अकरा फुटांपलीकडचा अनोळखी माणूस ‘कोणीतरी’ म्हणूनच दिसणार, आणि फाटक तर बहुतेक वेळा त्याहून लांब असतं. हाच कॅमेरा ६ मिलिमीटरच्या लेन्सचा घेतला तर कोन साधारण निम्मा होतो आणि ओळखीचं अंतर आठ मीटरच्या आसपास जातं. किमतीत फारसा फरक पडत नाही. पण ‘एका कॅमेऱ्यात सगळं अंगण दिसतं’ हे वाक्य विकायला सोपं असल्यामुळे रुंद लेन्सच खपते. त्यावर ‘मग ८ मेगापिक्सेलचा घ्या’ हा दुकानातला सल्ला दिवसाउजेडी बरोबर आहे. रात्री तितकासा नाही, कारण सेन्सर तेवढाच ठेवून त्यावर चौपट पिक्सेल बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा प्रकाश घटतो.

म्हणून परीक्षा घ्यायची ती रात्री. घरातलं कोणी फाटकातून नेहमीच्या चालीने आत यावं, एकदा टोपी घालून आणि एकदा मान खाली घालून, बाहेरचे दिवे नेहमी असतात तसेच ठेवून. पडद्यावर थेट चित्र बघत बसू नये. ते थोड्या वेळाने रेकॉर्डिंगमधून काढावं, चेहरा दिसतो त्या क्षणी थांबवावं आणि मोठं करून पाहावं. तेव्हा काय काय उघड होतं ते बघण्यासारखं असतं. अंधारात उजेड पुरावा म्हणून कॅमेरा आपलं शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. समजा, सेकंदाचा पंचविसावा भाग. माणूस सेकंदाला सव्वा ते दीड मीटर चालतो, म्हणजे तेवढ्या वेळात तो पाच-सहा सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो. चेहऱ्याची रुंदीच पंधरा-सोळा सेंटीमीटर, त्यातला एक तृतीयांश असा फरफटत गेला की नाक-डोळे एकमेकांत मिसळतात. स्थिर उभ्या स्कूटरचा नंबर लख्ख आणि चालत्या माणसाचा चेहरा धुरकट, हे रात्रीच्या फुटेजमधलं नेहमीचं चित्र त्यामुळेच येतं. कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेड दिव्यांचा प्रताप वेगळा. दूरचा माणूस काळसर राहतो आणि जवळ येताच त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा फटक होतो. शिवाय चित्र कृष्णधवल, त्यामुळे शर्ट लाल होता की हिरवा हे कोणी सांगू शकत नाही. पावसाळ्यात दिव्यांपाशी पाखरं जमतात, पाखरांमागे कोळी येतो, आणि लेन्ससमोरच्या एका जाळ्यामुळे पहाटेपर्यंत शंभर वेळा ‘हालचाल आढळली’ असा निरोप मोबाइलवर येतो. दोन-तीन रात्रींत घरातले लोक ते निरोप बंदच करून टाकतात. आणि हो, उंचीचं. बारा फुटांवरून टोपीचा माथा दिसतो, चेहरा नाही. चेहऱ्यासाठी निदान एक कॅमेरा सात-आठ फुटांवर हवा, मग त्याला कोणाचा हात पोचेल अशी धास्ती वाटली तरी चालेल. तो हात दुसऱ्या कॅमेऱ्यात यावा अशी रचना करता येते. फाटकावर साधा दिवा रात्रभर जळता ठेवला तर यातल्या निम्म्या तक्रारी मिटतात, पण दिव्यावर दुकानदाराला काय सुटणार!

दुसरी परीक्षा मेन स्विचची. तो बंद करावा आणि काय काय चालू राहतं ते बघावं. पुष्कळ घरांत रेकॉर्डर इन्व्हर्टरवर असतो आणि राउटर नसतो, किंवा कॅमेऱ्यांचा अ‍ॅडॉप्टर भलत्याच बोर्डावर असतो. भारनियमनाच्या गावात ही चूक म्हणजे चोराला वेळापत्रक देण्यासारखंच. वायफायवर चालणाऱ्या कॅमेऱ्याची जोडणी बाहेरून तोडणारी स्वस्त उपकरणंही आहेत, म्हणून निदान फाटकावरच्या कॅमेऱ्याला तरी तार हवी. एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेण्याची सोय शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे घरासाठी पुरून उरते. किनारपट्टीवर आणखी एक गोष्ट. डब्यावरचा आयपी ६६ किंवा ६७ हा आकडा धूळ आणि पाणी यांच्यापुरता आहे, खाऱ्या हवेला तो बांधील नाही. गंज आधी पकडतो तो बाहेर लोंबणाऱ्या केबलच्या जोडाला.

तिसरी परीक्षा कोणीच घेत नाही, आणि खरी नड पडते तेव्हा सगळं तिथेच अडतं. मागच्या मंगळवारी रात्री दोन ते तीनमधलं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर काढून दाखवा, असं बसवणाऱ्याला सांगावं. मग कळतं की रेकॉर्डरचं घड्याळ वीस मिनिटं मागे आहे, अ‍ॅडमिनचा पासवर्ड फक्त त्या मुलाला ठाऊक आहे, फाइल साध्या संगणकावर उघडत नाही, किंवा ‘महिनाभर राहील’ असं सांगितलेलं रेकॉर्डिंग दहाव्या दिवशीच पुसलं जातंय. हा शेवटचा हिशेब कागदावरही करता येतो. २ मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने एक कॅमेरा दिवसाला साडेएकवीस जीबीच्या आसपास भरतो, चार कॅमेरे मिळून शहाऐंशी. एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरणारच. घड्याळाचं महत्त्व कोर्टात कळतं. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावरूनच: उमेदवारी अर्ज मुदतीत आला होता की नंतर? जुलै २०२० मध्ये त्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ यंत्र हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंकी ठसा, तोही नोंदवावा लागतो. यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याला पहिल्या भागावर सही करायची असते. ज्या घरमालकाला आपल्या रेकॉर्डरचा पासवर्ड माहीत नाही, तो कशावर सही करणार?

आता उलटा प्रश्न: आपल्याला दिसतं ते आणखी कोणाला दिसतं? २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याच्याजवळ कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती. बस्स, एवढंच. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा बंद पडल्या, त्यामागे हीच फौज होती. आपल्याकडचं उदाहरण जास्त जवळचं आणि जास्त किळसवाणं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विक्रीला आलं. पकडलेल्यांत महाराष्ट्रातलेही तरुण होते. तिथला पासवर्ड ‘अ‍ॅडमिन१२३’ असा होता, हे पुढे वृत्तपत्रांतून आलं. चोराने कुलूप फोडलंच नाही, किल्ली दाराला लटकलेली होती. मोठ्या परदेशी नावांनीही हुरळून जायचं कारण नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या अमेरिकी कंपनीने कबूल केलं की सेवा खंडित होऊन परत सुरू होताना सुमारे १३ हजार ग्राहकांच्या मोबाइलवर दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांतली चित्रं उमटली. २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या रिंगने ५८ लाख डॉलर देऊन सरकारी तक्रार मिटवली. कर्मचारी ग्राहकांच्या खासगी चित्रफिती पाहू शकत होते, असा तो आरोप होता. म्हणून झोपण्याच्या खोलीत इंटरनेटला जोडलेला कॅमेरा लावूच नये, या मतावर मी ठाम आहे. आजारी आईवर लक्ष ठेवायला लावला, असं कारण असलं तरीही. तिला निदान विचारलं तरी आहे का?

यावर पहिला आक्षेप येतो तो सरकारी शिक्क्याचा. केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या अटी अधिसूचित केल्या आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या बंधनकारक झाल्या. कॅमेऱ्याचं हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय नवं मॉडेल विकता येत नाही. हा नियम चांगला आहे आणि खरेदी करताना त्या प्रमाणपत्राची मागणी जरूर करावी. पण प्रयोगशाळेत तपासला जातो तो कॅमेरा. बसवणाऱ्याने गावातल्या सगळ्या घरांना एकच पासवर्ड ठेवला, किंवा मोबाइलवर दिसावं म्हणून राउटरचं दार इंटरनेटच्या बाजूने सताड उघडून ठेवलं, तर त्यावर कुठलाच शिक्का चालत नाही. शिवाय २०२५ च्या आधी भिंतींवर चढलेले कॅमेरे आजही तिथेच आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चेहरा दिसो न दिसो, कॅमेरा बघून चोर बिचकतो ना? थोडा बिचकतो. सार्वजनिक ठिकाणच्या सीसीटीव्हीवरच्या चाळीस वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुन्हे सरासरी १३ टक्क्यांच्या आसपास घटलेले आढळले. सगळ्यात चांगला परिणाम वाहनतळांवर होता आणि हिंसक गुन्ह्यांवर दखल घेण्याजोगा परिणाम दिसला नाही. कॅमेऱ्यासोबत उजेड, पहारा असे उपाय जिथे होते तिथे फरक जास्त पडला. हे आकडे घरगुती कॅमेऱ्यांचे नाहीत, तरी दिशा कळायला पुरेसे आहेत. फक्त बिचकवायचंच असेल तर खोटा कॅमेरा आणि खरा दिवा एवढ्यावर भागेल. वीस-पंचवीस हजार रुपये आपण मोजतो ते पुराव्यासाठी, आणि मग पुरावा निघतो का हे बघितलंच पाहिजे.

‘सामान्य माणसाला यातलं काय कळणार?’ या तिसऱ्या आक्षेपात मला तथ्य दिसत नाही. रात्री फाटकातून चालत येणं, मेन स्विच पाडणं आणि मागच्या आठवड्याचं फुटेज मागणं याला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. चौथी तपासणी, म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्ड स्वतः बदलणं, कॅमेरे राउटरच्या वेगळ्या, पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर टाकायला लावणं आणि अ‍ॅपमध्ये आणखी कोणाकोणाची नावं जोडलेली आहेत ते पाहणं, ही बसवणाऱ्याला शेजारी बसवून अर्ध्या तासात उरकते. अडचण संकोचाची असते. काम झालंय, मुलगा दारात उभा आहे, त्याला अजून चार घरी जायचंय, अशा वेळी ‘थांब, उद्या रात्रीचं बघून पैसे देतो’ म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून हे तोंडी ठेवू नये. कोटेशनवरच लिहून घ्यावं: दहा टक्के रक्कम रात्रीची चाचणी आणि फुटेज काढून दाखवल्यानंतर. गृहनिर्माण सोसायट्यांना तर हे सहज जमण्यासारखं आहे. त्यांचा वार्षिक देखभाल करार असतोच, त्यात दर तीन महिन्यांनी एका ठरावीक तारखेचं रेकॉर्डिंग काढून समितीला दाखवायची अट घालता येईल. तेव्हाच जिन्यातल्या कॅमेऱ्यात समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं की आतला दिवाणखाना दिसतो का, हेही पाहून घ्यावं आणि दिसत असेल तर तेवढा भाग सेटिंगमधून झाकावा. ती सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, फक्त बसवणारा आपणहून सांगत नाही.