पुस्तकातले चोखोबा आणि बाकावरचा जब्या

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १४ फेब्रुवारी २०१४ ला, म्हणजे प्रेमदिनीच तो प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातला जब्या आणि त्याच्या वर्गातली शालू. वरवर पाहिलं तर शाळकरी वयातल्या एकतर्फी प्रेमाची गोष्ट. पण पुन्हा पाहाल तेव्हा त्यातला शाळेचा तास नीट ऐका.

त्या तासाला संत चोखामेळा यांचा अभंग शिकवला जातो. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, वरच्या रंगाला काय भुलता, असा त्याचा आशय. चौदाव्या शतकात चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधीही पंढरपूरला महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. आता हा आशय जब्याला लावून पाहा. शालूला आवडावं म्हणून तो जीन्ससाठी झुरतो, काळ्या चिमणीमागे रानोमाळ फिरतो. अख्खं गाव त्याचं वरचं रूप आणि जातच बघतं. दिग्दर्शक हा धागा कुठेही समजावून सांगत नाही. ते काम प्रेक्षकाचं.

शेवटी मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जब्याचं कुटुंब शाळेच्या भिंतीसमोरून जातं. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत. शाळेत अभंग आहे, भिंतीवर महामानव आहेत, आणि रस्त्यावर तेच जुनं चाललंय. मला वाटतं, हा प्रश्न सगळ्यात आधी आपल्या शिक्षकांनाच विचारलाय.

आपण अभंग कसा शिकवतो? चाल लावतो, शब्दार्थ लिहून देतो, 'कवीचे नाव लिहा' विचारतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. त्याऐवजी एवढंच विचारून बघा, "एखाद्याचे कपडे, रंग, आडनाव बघून आपण त्याच्याशी कसं वागतो?" मुलं बोलतात. फक्त एक काळजी घ्या. वर्गातल्या कुठल्याही मुलाकडे बोट दाखवून उदाहरण देऊ नका. त्या लेकराला पुन्हा उघडं पाडणं म्हणजे शिकवणं नव्हे.

पालकांनो, घरीही हेच. पाठांतर झालं का, हे जरूर विचारा. पण मुलगा डबा कुणाबरोबर खातो आणि कुणाबरोबर खात नाही, हेही विचारा.

चित्रपटाच्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेने येतो. तो चुकवायचा नाही. चोखोबांचा अभंग शिकवणाऱ्याने तर नाहीच नाही.