नावाऐवजी एक फुली

बालमित्रांनो,

आज सुरुवातीलाच एक छोटीशी परीक्षा. घाबरू नका, गुण कुणी देणार नाही! तुमच्या वडिलांचं नाव काय? सोपं आहे. आजोबांचं? तेही येईल. पणजोबांचं? इथे बरीच मंडळी डोकं खाजवू लागतील. आणि पणजोबांच्या वडिलांचं, म्हणजे खापरपणजोबांचं? आता आई-बाबांकडे बघू नका. बहुधा त्यांचीही दांडी गुल झाली असेल!

राजेमहाराजांच्या वंशावळी इतिहासाच्या पुस्तकात असतात. त्या आपण पाठ करतो. पण दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या गड्याची वंशावळ कोण लिहिणार? त्याच्याकडे जमीन नाही, घर भाड्याचं, आणि स्वतःचं नावही लिहिता येत नाही. असा माणूस मेला की त्याचं नावही मातीत जाणार, असंच आपल्याला वाटतं ना?

पण गंमत पाहा. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या अशाच एखाद्या शेतमजुराचं नाव आज तीनशे वर्षांनंतरही सापडू शकतं. तिथे हजारो लोकांना हा छंद आहे. सुट्टीच्या दिवशी जुन्या वह्यांच्या नकला उघडून ते आपले खापरपणजोबा शोधत बसतात. ते कसं जमतं, ते आज पाहू.

दोन कुलपांची पेटी

गोष्ट सुरू होते १५३८ साली. इंग्लंडचा राजा होता आठवा हेन्री आणि त्याचा मंत्री होता थॉमस क्रॉमवेल. त्याने हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशमध्ये एक वही ठेवायची. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. एक गाव, नाहीतर दोनचार वाड्या. दर रविवारी पाद्रीबुवांनी त्या आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहायची. मग ती वही पेटीत ठेवायची. पेटीला कुलपं दोन! एक किल्ली पाद्रीबुवांकडे, दुसरी गावातल्या चर्चच्या कारभाऱ्यांकडे. एकट्याने उघडायची सोयच नाही.

लोक कुजबुजू लागले, ‘आता नवा कर बसवणार बहुतेक!’ तेव्हा कर बसला नाही. पण पुढे १७८३ साली खरोखरच प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसला आणि १७९४ पर्यंत चालला. गरिबांना तो माफ होता.

एक लक्षात ठेवा हं. चर्चच्या वहीत जन्माची नव्हे, बाप्तिस्म्याची तारीख असते. म्हणजे बाळाला चर्चमध्ये नेऊन नाव दिलं, तो दिवस. विल्यम शेक्सपिअरचंच पाहा ना! त्याचा बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ रोजी झाला, हे स्ट्रॅटफर्डच्या वहीत लिहिलेलं आहे. पण एवढा मोठा नाटककार नेमका कोणत्या दिवशी जन्मला, याची नोंद कुठेच नाही.

या वह्या वाचणं सोपं नाही. १७३३ पर्यंत कितीतरी नोंदी लॅटिनमध्ये. त्यात १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला बदलायचं! म्हणजे ३१ डिसेंबर १७०० नंतरचा दिवस कोणता? १ जानेवारी १७००! ज्याला हे ठाऊक नाही, त्याची तपासणी वर्षभराने चुकलीच म्हणून समजा.

अंड्यांची प्रयोगशाळा?

दुसरा खजिना म्हणजे जनगणना. आपल्याकडे आम्ही शिक्षक मंडळी जनगणनेसाठी दारोदार फिरतो, ते तुम्ही पाहिलं असेल. इंग्लंडमध्ये पहिली जनगणना १८०१ साली झाली. पण घराघरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं गेलं, ते १८४१ पासून. त्या वेळी पंधरा वर्षांवरच्या माणसाचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची पद्धत होती. म्हणजे ३९ वर्षांचा माणूस कागदावर ३५ वर्षांचा. एका फटक्यात चार वर्षांनी तरुण!

१८५१ पासून मात्र सगळं नीट लिहू लागले. खरं वय, कुटुंबप्रमुखाशी नातं, धंदा, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जन्म कोणत्या पॅरिशमध्ये झाला, ते. हा शेवटचा रकाना म्हणजे वाटेवरची पाटीच. पुढे कोणत्या गावची वही उघडायची, ते तो सांगतो.

खेड्यांच्या पानांवर धंद्याच्या रकान्यात सारखा एकच शब्द दिसतो, ‘ॲग लॅब’. ओळीने ॲग लॅब, ॲग लॅब, ॲग लॅब. अंड्यांची प्रयोगशाळा नव्हे बरं का! ‘ॲग्रिकल्चरल लेबरर’, म्हणजे शेतमजूर, याचं ते छोटं रूप. लिहून लिहून गणनेवाल्याचा हात दुखायचा, मग तो दोन तुकड्यांत काम भागवायचा.

आणि तुमच्या वयाची मुलं? शाळेत जाणाऱ्या मुलापुढे लिहिलेलं असतं ‘स्कॉलर’. आपल्याकडे स्कॉलर म्हणजे पहिल्या नंबरवाला. तिथे मात्र शाळेत जाणारा प्रत्येक जण स्कॉलर! पण त्याच पानावर आठ-नऊ वर्षांचा मुलगा नांगरामागे चालणारा पोऱ्या म्हणूनही सापडतो. कोणी थंडीवाऱ्यात दिवसभर शेतात उभा राहून पाखरं हाकायचा. एका घरात स्कॉलर आणि शेजारच्या घरात पाखरं हाकणारा. दोघंही चौथीत असायच्या वयाचे.

आणखी एक गंमत. तिथे नियम असा की, जनगणनेचे कागद शंभर वर्षं कुलूपबंद ठेवायचे. १९२१ चे कागद जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. १९३१ चे १९४२ साली आगीत जळून गेले. १९४१ ला महायुद्धामुळे जनगणनाच झाली नाही. मग यापुढे खुले होतील ते थेट १९५१ चे, म्हणजे २०५२ साली. तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल? करा बरं वजाबाकी!

५१ आठवड्यांचं वर्ष

काही गरिबांची संपूर्ण कहाणीही कागदावर सापडते. १६६२ सालच्या कायद्यानुसार गरिबाला मदत द्यायची ती त्याच्या हक्काच्या पॅरिशने. त्यामुळे बाहेरचा माणूस आजारी पडला, कामाविना बसला, की पॅरिशचे अधिकारी त्याची चौकशी करत. ‘जन्म कुठला? कुठे कुठे चाकरी केलीस? किती दिवस?’ सगळं लिहून घेत आणि मग त्याला बायकामुलांसह त्याच्या गावी परत धाडत. ज्याने आयुष्यात कधी पत्र लिहिलं नाही, त्याचं आत्मचरित्र असं तयार झालं, तेही हाकलून देण्यासाठी!

एका गावात पूर्ण एक वर्ष चाकरी केली की अविवाहित गड्याला तिथे हक्क मिळत असे. मग काही मालकांनी काय शक्कल लढवावी? गड्याला ५१ आठवड्यांसाठीच कामावर ठेवायचं. बावन्नावा आठवडा आला की रामराम! ना वर्ष भरणार, ना हक्क मिळणार. आज अशी नोंद समोर आली की, वाचणाऱ्याला आपल्या पूर्वजाने गावं का बदलली, ते एकदम उमगतं. तो भटक्या नव्हता, त्याला टिकूच दिलं नव्हतं.

काही जण तर गाव सोडून थेट समुद्रापार गेले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत खेड्यातली पुष्कळ गरीब पोरं भरती झाली. आपल्या मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या तिथे आजही जपून ठेवल्या आहेत. त्यामुळे इंग्लंडच्या खेड्यात सुरू झालेला शोध कधीकधी मुंबईच्या किंवा खडकीच्या नोंदीपाशी येऊन संपतो.

एकाच नावाचे तिघे

आता खरी कसोटी. समजा, १८५१ च्या जनगणनेत तुम्हाला चाळीस वर्षांचा एक विल्यम सापडला. जन्मगावही लिहिलेलं आहे. तुम्ही त्या गावची वही उघडली. १८०९ साली एक विल्यम, आडनाव तेच. ‘सापडला!’ म्हणून उडी माराल ना? थांबा. दफनांची पानं पाहा. तो विल्यम वर्षाच्या आतच वारला. मग त्याच आई-बापांनी १८११ साली झालेल्या पुढच्या मुलाला तेच नाव दिलं. त्या काळी असं सर्रास होत असे. आणि पलीकडच्या गल्लीत चुलत्याच्या घरीही एक विल्यम आहेच!

म्हणून नियम असा की, एका कागदाने सांगितलं तर दुसऱ्या कागदाने मान डोलवली पाहिजे. नाहीतर ‘अजून ठाऊक नाही’ एवढंच लिहायचं आणि पुढची जागा रिकामी ठेवायची. काही लोकांना घाई होते. कोणी सरदार, कोणी उमराव दिसला, की ते त्याला आपल्या झाडावर चिकटवून मोकळे होतात. पण अशाने काय होतं, ठाऊक आहे? दुसऱ्याचा सरदार घरात येतो आणि आपला खरा खापरपणजोबा, उन्हातान्हात राबलेला, पुन्हा एकदा दाराबाहेर राहतो.

फुलीची सही

मला या सगळ्या कागदांत सर्वांत आवडतात ती लग्नाच्या वह्यांची पानं. १७५४ पासून कायद्याने नवरा-नवरीने वहीत सही करणं जरुरीचं झालं. ज्यांना लिहिता येत नसे, ते आपल्याकडे अंगठा उठवतात तसे तिथे फुली काढत. पाद्रीबुवा शेजारी त्यांचं नाव लिहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८४१ साली लग्न करणाऱ्या दर शंभर नवरदेवांपैकी सुमारे ३३ जणांनी आणि शंभर नवरीमुलींपैकी सुमारे ४९ जणींनी फुलीच काढली. खेड्यातला मजूर तर त्यात हमखास.

मग १८७० साली शाळांचा कायदा झाला. १८८० मध्ये दहा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची झाली. १९०० च्या सुमारास फुली काढणारे शंभरात उरले अवघे तीन. आता एकाच घराण्याची पानं ओळीने लावून पाहा. खापरपणजोबांची फुली. पणजोबांची फुली, जरा थरथरती. आणि त्यानंतर त्यांच्या लेकीची सही. अक्षर वेडंवाकडं, शाईचा डाग पडलेला, पण संपूर्ण नाव! त्या घरातल्या बाईने पहिल्यांदा लिहिलेलं. मला विचाराल, तर हा त्या घराण्याचा राज्याभिषेकच!

या आठवड्याचा उद्योग

एक कोरा कागद घ्या. खाली स्वतःचं नाव लिहा. वर आई-वडील, त्यांच्यावर दोन्हीकडचे आजी-आजोबा. आजीचं माहेरचं नाव विसरू नका; वह्यांमधूनही तेच सर्वांत आधी हरवतं. पणजोबा-पणजीचं नाव घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला विचारा. आजच विचारा, पुढच्या सुट्टीवर टाकू नका. माहिती कोणी सांगितली आणि कोणत्या तारखेला, तेही लिहा. जे ठाऊक नाही ती जागा रिकामी ठेवा. आणि हो, कोणाची सही होती आणि कोणाचा अंगठा, तेही विचारा.

अंगठा असेल तर मुळीच लाजू नका. त्या नावापुढे एक छोटीशी फुली काढा, आणि खाली तुमच्या सर्वांत सुंदर अक्षरात ते पूर्ण नाव लिहा.

भेटू पुढच्या अंकात!

तुमचा,
गुरुजी