माणसं दरकरारावर

आमच्या पारशिवनीतल्या एका कचेरीत खुर्चीच्या पायावर नंबर रंगवलाय. साठ्याच्या वहीत तिची नोंद आहे. ती खुर्ची पुसणाऱ्या माझ्या मावसभावाची नोंद कचेरीच्या कुठल्याच वहीत नाही. तो ठेकेदाराचा माल. त्या ठेकेदाराचं तोंडही त्यानं अजून पाह्यलेलं नाही.

सगळ्या खात्यांची खरेदी एका ठिकाणी, ही कल्पना वाईट नाही. तालुक्यातालुक्यात बाबूनं आणि त्याच्या व्यापारी मेव्हण्यानं कागदाच्या रिमात हात मारायचा, त्यापेक्षा एक दर बरा. उद्योग खात्याची केंद्रीय भांडार खरेदी संघटना असे दरकरार करायची. दिल्लीचं पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय 2017 साली बंद झालं. त्याआधीच, 2016 ला, संगणकावरचा सरकारी बाजार उघडला होता, जेम. तिथं खुर्ची मिळते, झेरॉक्सचं मशीन मिळतं, आणि माणूसही मिळतो. यादीत त्याला मनुष्यबळ म्हणतात.

मेख इथंच आहे. पद असलं की बिंदुनामावली लागते. घटनेचं कलम 16(4) नेमणुकांबद्दल, पदांबद्दल बोलतं. विकत घेतलेल्या सेवेबद्दल नाही. पद मारा, सेवा घ्या. आरक्षणाला बोटही न लावता आरक्षण खलास! 6 सप्टेंबर 2023 ला तर महाराष्ट्र सरकारनं उघडच केलं: सगळ्या खात्यांना माणसं पुरवायला 9 एजन्स्या. पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरात निर्णय मागे घेतला. पाप कुणाचं यावर दोन्ही बाजूचे साले भांडत बसले. निर्णय गेला, ठेकेदार गेला नाही.

कुणी म्हणेल, मग तुम्हीच ठेकेदार व्हा. केंद्राच्या 2012 च्या धोरणात दलित-आदिवासींच्या उद्योगांकडून 4 टक्के खरेदीचं वचन आहे. 2018-19 ला एक टक्कासुद्धा भरला नाही. आणि भरला तरी काय? डोक्यावर जयभीमवाला ठेकेदार बसला म्हणून भावाचा पगार वाढणाराय?

मी गोदीत ओझं वाहतो. इथं टोळीवाला मर्जीनं माणसं उचलायचा. 1948 च्या कायद्यानं बोर्ड आलं, नोंदणी झाली, काम नसलं तरी हजेरीचा पैसा. जहाजं बदलायची, कामगार बोर्डाचाच. 1994 ला मुंबईचं बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विरघळलं. माझ्यासारखे पुन्हा कंत्राटात. सामाईक यंत्रणा माणूस राखायलाही होती, हे म्हाताऱ्या गोदीवाल्यांना विचारा.

रोजचं काम तिथं पद, पदाला बिंदुनामावली. तोवर प्रत्येक निविदेत राखीव जागांची अट घाला. आपापल्या वॉर्डातल्या कचेरीत माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: झाडूवाल्याची, शिपायाची, पहारेकऱ्याची किती पदं मेली, बदल्यात किती माणसं विकत घेतली. आकडे अंकाच्या पत्त्यावर पाठवा.