इंग्रजीसाठी मराठी शाळा सोडायची गरज नाही

बडोद्यातल्या कोणत्याही मराठी घरी मुलांच्या शाळेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. "काय करणार, इंग्रजी यायला हवे ना!" या एका वाक्यावर आपण दोन पिढ्यांत मराठी वर्ग रिकामे केले. पटावर मुले नाहीत म्हणून वर्ग बंद, आणि वर्ग बंद म्हणून मुले नाहीत, असे हे चक्र आहे. इंग्रजी यायला हवे याबद्दल आमचे दुमत नाही. बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही रोज पाहतो की इंग्रजी फॉर्म समोर आला की चांगला शिकलेला माणूसही बिचकतो. प्रश्न एवढाच, की इंग्रजी येण्यासाठी मराठी सोडावीच लागते काय?

आमच्या लहानपणी घरात रेडिओ होता. रात्री ९ वाजता आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या लागत आणि वडील आम्हांला गप्प बसवीत. पहिले वर्षभर काही कळत नसे. मग नावे कळू लागली, मग क्रियापदे, मग अख्खी वाक्ये. ते कानावर पडलेले इंग्रजी पुढे कॉमर्सला गेल्यावर उपयोगी पडले.

रेडिओवरून इंग्रजी शिकविणे ही जुनी आणि विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. बीबीसीने असे धडे १९४३ साली सुरू केले. व्हॉइस ऑफ अमेरिकाने ऑक्टोबर १९५९ मध्ये 'स्पेशल इंग्लिश' आणले. त्यात सुमारे १,५०० शब्दांचाच वापर, छोटी वाक्ये आणि नेहमीपेक्षा बराच संथ वेग असे. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सरकारच्या आदेशामुळे ते केंद्र जवळजवळ मुके झाले. परक्या सरकारच्या भरवशावर बसू नये, हा धडा त्यातून घ्यावा. पण पद्धत कोणाच्या मालकीची नाही. बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा पॉडकास्ट आज मोबाइलवर फुकट मिळतो आणि बोललेला मजकूर वाचायलाही मिळतो. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्याही मोबाइलवर लागतात.

कानाचे महत्त्व का, ते सांगतो. आपण मराठी माणसे शब्दातल्या प्रत्येक अक्षराला साधारण सारखे वजन देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो, बाकीची गिळली जातात. आपण 'हॉटेल' म्हणतो, तिकडे जोर दुसऱ्या अक्षरावर, 'होटेल'. आपले 'डेव्हलप' तिकडे 'डिव्हेलप' होते. हे पुस्तकात दिसत नाही, ऐकूनच कळते. नुसते माध्यम इंग्रजी असून भागत नाही. शिक्षकच उत्तरे फळ्यावर लिहून देत असतील आणि मुले ती घोकत असतील, तर दहा वर्षांनीही तोंड उघडत नाही. अशी मुले आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत.

करायचे काय? रोज अर्धा तास. सहा मिनिटांचा एकच भाग तीनदा ऐकायचा : आधी नुसता, मग मजकूर समोर ठेवून, मग थांबवून थांबवून मागे म्हणत. नवे पाच शब्द वहीत, त्यांचा मराठी अर्थ शेजारी. ऐकून लिहिणे येत नाही हे खरे. त्यासाठी व्याकरण आणि वही लागतेच. बोलायला सोबतीही हवा. म्हणून आपल्या मंडळाने दर रविवारी सभागृहात तासभर श्रवणवर्ग चालवावा. एक स्पीकर, एक मोबाइल आणि निवृत्त शिक्षक एवढे पुरे. सोय तुटपुंजी असली तरी चालेल, खंड पडता कामा नये.

दुसरी बाजू राजकीय आहे. घटनेतील अनुच्छेद ३५०-अ १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावा, असे ते सांगते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेचाच पुरस्कार करते. पण मागणाराच नसेल तर देणार कोण? महापालिकेच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण विचारले पाहिजे की मराठी वर्गांना शिक्षक देणार का, आणि त्या वर्गांत इंग्रजी ऐकण्याची सोय करणार का. पक्ष कोणताही असो, प्रश्न हाच.

याच बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्या गावातल्या मराठी माणसाने इंग्रजीच्या धाकाने आपली शाळा सोडून द्यावी, हे आम्हांला पटत नाही. येत्या जूनमध्ये ज्यांच्या घरातले मूल पहिलीत जाणार आहे, त्यांनी प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी एवढा विचार जरूर करावा.