बीएस्सीचे जर्नल आणि कारखान्याचे लॉगबुक

नीट हुकली, सीईटीतही हवे ते कॉलेज मिळाले नाही, की बीएस्सीचा फॉर्म भरला जातो. तीन वर्षांनी तोच मुलगा बँकेच्या किंवा एमपीएससीच्या क्लासला बसतो आणि नातेवाईक म्हणतात, सायन्स घेऊन काय मिळाले?

निदान रसायनशास्त्रापुरते उत्तर आहे. तारापूर, महाड, रोहा, लोटे परशुराम, कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांना रोज हजारो नमुने तपासावे लागतात आणि ते काम प्रामुख्याने बीएस्सी-एमएस्सी झालेली मुले-मुलीच करतात. कायद्यानेही त्यांना जागा ठेवली आहे. १९४५च्या औषध नियमांनुसार औषधनिर्मितीवर देखरेख ठेवणारा तंत्रज्ञ फार्मसीचाच पदवीधर असला पाहिजे असे नाही. रसायनशास्त्र मुख्य विषय असलेला विज्ञान पदवीधरही चालतो. फरक अनुभवाचा. फार्मसीवाल्याला अठरा महिने, बीएस्सीवाल्याला तीन वर्षे. नोकरीच्या जाहिरातींत ‘एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट’ असे असते, ती राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता. ती एकदा हातात आली की पगाराची बोलणी वेगळ्या सुरात होतात. पदवीच्या तीन वर्षांत हे किती जणांच्या कानावर येते?

अडचण नोकरीच्या दारात सुरू होते, आणि तिचे मूळ प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आहे. टायट्रेशनची तीन रीडिंग जुळली पाहिजेत, म्हणून ती जुळवली जातात. उत्तर आधीच ठाऊक असते. त्यावरून उलटे गणित करून ब्युरेटचे आकडे लिहिले जातात. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवणे तर जवळजवळ रिवाजच. सरांनाही माहीत असते, बाहेरून आलेल्या परीक्षकांनाही.

कारखान्यात नेमके हेच चालत नाही. तिथे पेन्सिल नको, व्हाइटनर नको. चूक झाली तर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राचे सॉफ्टवेअर कोणी, कधी, काय बदलले याची नोंद ठेवते. २०१३मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने वोक्हार्ट या औषध कंपनीच्या वाळूज येथील कारखान्यातून होणाऱ्या आयातीवर निर्बंध घातले. निरीक्षकांच्या आक्षेपांत कचऱ्यात सापडलेल्या फाडलेल्या नोंदींचाही समावेश होता. त्यानंतर ‘डेटा इंटिग्रिटी’, म्हणजे नोंदींचा खरेपणा, हा शब्द मुलाखतीत हमखास येऊ लागला. तीन वर्षे रीडिंग जुळवलेल्या मुलाने त्यावर काय बोलावे?

कारखानदारही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ‘तयार मुले मिळत नाहीत’ ही तक्रार करणाऱ्यांपैकी कित्येक जण कंत्राटदारामार्फत माणसे घेतात, तिन्ही शिफ्टमध्ये राबवतात आणि ट्रेनीची मुदत संपली की नवा ट्रेनी बसवतात. अप्रेंटिस पदवीधराला महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन, हे २०१९च्या नियमांनी ठरवले. एवढ्यात तारापूर वसाहतीजवळच्या बोईसरला खोलीभाडे आणि मेसचे पैसे भागवून घरी काय पाठवायचे?

नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर ऑन जॉब ट्रेनिंग अभ्यासक्रमात आले, हे चांगले झाले. एचपीएलसी लाखांच्या घरात जाते. ते प्रत्येक कॉलेजला परवडणार नाही. चिपळूण-खेडच्या विद्यार्थ्याला मात्र लोटे जवळच आहे. एमआयडीसीत एक सामायिक यंत्रशाळा उभारून आसपासच्या कॉलेजांना आठवड्याचे दिवस वाटून देता येतील. ऑन जॉब ट्रेनिंग नुसत्या कंपनीच्या सही-शिक्क्याच्या प्रमाणपत्रावर भागवले गेले, तर मात्र तेही जर्नलच्याच वाटेने जाईल.

दुसऱ्या बदलाला पैसा लागत नाही. प्रॅक्टिकलच्या गुणांपैकी काही गुण न जुळलेल्या रीडिंगसाठी राखावेत: आकडा जसा आला तसा लिहिला असेल आणि तो का चुकला याचे कारण विद्यार्थ्याला सांगता आले, तर पूर्ण गुण. रसायनशास्त्राचे अभ्यासमंडळ हे पुढच्या सत्रापासून सुरू करू शकते.