तातामीवरून दुमात

अथेन्स येथे ऑगस्ट २००४ मध्ये भरलेल्या ऑलिंपिकच्या ज्युदो स्पर्धेत ८१ किलो वजनगटाच्या उपांत्य फेरीत रशियाचा द्मित्री नोसोव्ह ग्रीसच्या इलियास इलियादिसकडून पराभूत झाला. त्या लढतीत त्याच्या हाताला गंभीर दुखापत झाली होती. तरीही तो कांस्यपदकाच्या लढतीसाठी पुन्हा तातामीवर उतरला आणि जवळजवळ एका हाताने लढून जिंकला. पदकांच्या जंत्रीत ते एक कांस्य असले, तरी रशियन जनतेच्या स्मरणात ते सुवर्णाहून तेजस्वी ठरले.

याच नोसोव्हने पुढे राजकारणाच्या आखाड्यात उतरून २०११ मध्ये व्लादिमिर झिरिनोव्हस्की यांच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाकडून रशियाच्या संसदेत, म्हणजे दुमात, प्रवेश केला. यात कोणास आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. कुस्तीतील कारेलिन, जिम्नॅस्टिक्समधील खोरकिना, मुष्टियुद्धातील वालुयेव, अशी दुमातील खेळाडूंची मालिकाच आहे. राष्ट्राध्यक्ष पुतिन तर स्वतःच ज्युदोपटू. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाचे मानद अध्यक्षपद त्यांच्याकडे होते; युक्रेनवरील आक्रमणानंतर, २०२२ मध्ये, ते काढून घेण्यात आले.

प्रश्न खेळाडूच्या योग्यतेचा नाही, तर तो सभागृहात कोणत्या वाटेने पोहोचतो याचा आहे. २००७ आणि २०११ या दोन्ही निवडणुकांत दुमाच्या सर्व ४५० जागा पक्षांच्या याद्यांवरून भरल्या गेल्या. मतदार पक्षाला मत देई. यादीत कोणास कोणते स्थान द्यावयाचे हे पक्षनेतृत्व ठरवी. अशा व्यवस्थेत ऑलिंपिकवीराचा चेहरा पक्षाला अत्यंत उपयोगी पडतो. मात्र त्या वीराला जाब विचारणारा त्याचा स्वतःचा मतदारसंघ नसतो, आणि त्यालाही पक्षाविरुद्ध उभे राहण्यासाठी पायाखाली जमीन नसते. तोल ढळलेल्या माणसाला पाडणे सोपे, हे ज्युदोपटूला वेगळे सांगावयास नको!

नोसोव्ह मात्र केवळ शोभेचा सदस्य राहिला नाही. अमली पदार्थांच्या विक्रेत्यांविरुद्ध त्याने 'अँटिडीलर' नावाची मोहीम चालविली. तरुण पिढीला पोखरणाऱ्या विषाविरुद्ध उभे राहणे हे स्तुत्यच. परंतु कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन विक्रेत्यांना गाठावयाचे, ही तिची रीत विचारात पाडते. कायदे करणाऱ्या सभागृहाचा सदस्यच जर रस्त्यावरच्या धरपकडीत न्याय शोधू लागला, तर पोलीस आणि न्यायालये काय करीत आहेत, हा प्रश्न विचारावयाचा कोणी? तो विचारण्याची जागा दुमा हीच होती. ज्युदोत पंच निःपक्षपाती आहे हे गृहीत धरून लढता येते. मॉस्कोतील राजकारणात मात्र आधी तो पंच तसा राहील यासाठीच झगडावे लागते, आणि ते काम रस्त्यावर एकेका विक्रेत्याला पकडून होत नाही.

२०१६ मध्ये दुमाची मुदत संपली. त्या वर्षीच्या निवडणुकीत निम्म्या जागांसाठी मतदारसंघ पुन्हा अस्तित्वात आले.