घरं मोजता, मग मुलं का नाही?



नामपूरच्या कडेच्या कांद्या-डाळिंबाच्या जमिनी एन.ए. होतात, प्लॉट पडतात, बंगले उठतात. पलीकडे घरकुलांची रांग उभी राहते. लेआउट मंजूर होताना रस्त्याची रुंदी, गटार, पाणी, मोकळी जागा सगळं मोजलं जातं. या घरांतून उद्या किती मुलं शाळेत येणार, हे मात्र कुठल्याच कागदावर नसतं. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "मुलं आली की बघू."

या 'बघू'ची किंमत कोण मोजतं? शाळा लांब पडली की मुलाला सायकल मिळते आणि मुलीला घरकाम. एका घरकुलात मला दहा वर्षांची मुलगी भेटली. कडेवर धाकटा भाऊ, आई मजुरीला. ती कुठल्याच पटावर नव्हती. म्हणजे सरकारदरबारी ती नव्हतीच!

शिक्षकांची संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावरून ठरते. म्हणजे आधी मूल पटावर हवं, मग शिक्षक. जी दारातच अडली, ती हिशेबात येणार कधी? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 9 सांगतं की 14 वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद स्थानिक प्राधिकरणाने ठेवायची. राज्याचे 2011 चे नियम सांगतात की पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी. नोंदच नसेल, तर अंतर कुणासाठी मोजणार?

कुणी म्हणतात, घरामागे दोन मुलं धरा नि गुणा. हा हिशेब फसवा आहे. बंगल्यात निवृत्त जोडपं असतं, शेजारचं घर कुलूपबंद असतं, आणि मागच्या भाड्याच्या खोलीत मजुराची तीन मुलं असतात. घरकुलातली तान्ही मुलं काही वर्षांनी एकदमच पहिलीत येतात. म्हणून घर कोणतं, मुलांची वयं काय, मुलगा की मुलगी, हे दारात जाऊनच विचारायला हवं.

समजा, वस्तीत पहिली ते पाचवीच्या वयाची 70 मुलं आहेत. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे 60 पर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. घरी बसलेल्या दहा मुली गाळल्या की तिसरा शिक्षक गेला! मुलींना न मोजण्याचा तोटा असा सगळ्या वर्गाला होतो.

सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद अंगणवाडी सेविकेच्या रजिस्टरमध्ये असते. उद्याची पहिली तिथेच दिसते. पण हे जादा काम तिच्या माथी फुकट मारू नका. मोजणीचा मोबदला द्या, आणि तो प्लॉट पाडून पैसे कमावणाऱ्यांकडून वसूल करा.

तोवर आपण स्वस्थ बसायचं का? बचत गटाच्या दोघी-दोघींनी एकेक गल्ली वाटून घ्यावी. आकडा महिला ग्रामसभेत मांडावा, ठराव लिहून घ्यावा, प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नये. वहीत पहिलं नाव लिहायचं ते घरी बसवलेल्या मुलीचं!